स्क्रिप्ट म्हणते 'ओव्हरसेट नाही', तरी शेवटची ओळ गायब : समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. अंकाची पानं लावून झाली, तपासणीची स्क्रिप्ट चालवली, 'ओव्हरसेट ०', म्हणजे फ्रेममध्ये (मजकुराच्या चौकटीत) न मावलेला मजकूर कुठेच नाही, असा निरोप आला, पीडीएफ छापखान्यात गेली. आणि प्लेट निघाल्यावर लक्षात येतं की कुठलातरी मजकूर अर्ध्यावरच तुटला आहे. कधी याच्या उलट होतं. स्क्रिप्ट पानोपानी बोंब मारते आणि जागेवर जाऊन बघावं तर सगळा मजकूर शाबूत. हा दुसरा प्रकार निरुपद्रवी वाटतो, पण माझ्या मते तोच जास्त वाईट. चार वेळा खोटी हाक आली की पाचव्यांदा यादी कुणी उघडतच नाही.

दोन्ही प्रकारांत सॉफ्टवेअर खोटं बोलत नसतं. आपल्याला विचारायचं असतं, 'लेखकाने दिलेला सगळा मजकूर कागदावर उमटेल का?' स्क्रिप्ट मात्र एवढंच विचारते, 'या जोडलेल्या फ्रेमांपैकी शेवटची भरल्यावर काही उरलं का?' या दोन प्रश्नांमध्ये जी फट आहे, तिथेच ओळी गायब होतात. खाली इनडिझाइन आणि स्क्रायबस या पानं लावायच्या दोन्ही सॉफ्टवेअरबद्दल लिहिलं आहे. मराठीच्या कामात सध्या युनिकोडमध्ये ज्यांना स्क्रिप्ट चालवायची असते त्यांची गाठ सहसा या दोघांशीच पडते. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत. स्क्रिप्टमध्ये ती सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिकेत आहेत तशी, रोमनमध्येच टाकायची.

आधी लाल खूण कुठे दिसते ते बघा

इनडिझाइनमध्ये फ्रेमच्या खालच्या उजव्या बाजूला लाल प्लस येतो. स्क्रायबसमध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकट आणि तिच्यात फुली. टेबलाच्या सेलमध्ये इनडिझाइन प्लस दाखवत नाही, बारीक लाल ठिपका दाखवतं. पान प्रिव्ह्यूमध्ये बघत असाल तर यातलं काहीच दिसत नाही, आणि शेवटच्या दिवशी सगळेच पान प्रिव्ह्यूमध्ये बघत असतात. स्टोरी एडिटर उघडला तर जिथून मजकूर बाहेर गेला तिथे रेघ आखलेली सापडते. शंका असलेल्या लेखासाठी तीच सगळ्यात भरवशाची जागा.

इनडिझाइनच्या खिडकीच्या तळाशी प्रीफ्लाइटचा, म्हणजे छपाईआधीच्या तपासणीचा, दिवा असतो. सीएस४ पासून तो सतत चालू राहतो आणि त्याच्या मूळ प्रोफाइलमध्ये ओव्हरसेटची तपासणी असते. मग स्क्रिप्ट कशाला, असा प्रश्न रास्त आहे. एका फाइलसाठी खरंच गरज नाही. पण चाळीस लेखांच्या चाळीस फाइली असतील, किंवा प्रमाणपत्रांसाठी नावं यादीतून भरली जात असतील, तर प्रत्येक फाइल उघडून दिवा बघत बसणं शक्य नसतं. शिवाय त्या दिव्यालाही सेटिंग्ज आहेत. कुठले लेयर तपासायचे, पानाबाहेर ठेवलेल्या वस्तू धरायच्या की नाही, न छापणाऱ्या वस्तूंचं काय, हे सगळं तिथे ठरतं. दुसऱ्याने बनवलेलं प्रोफाइल चालू असेल तर दिवा हिरवा असण्याला फारसा अर्थ उरत नाही.

फ्रेमला विचारू नका, स्टोरीला विचारा

नेटवर सापडणाऱ्या बहुतेक छोट्या स्क्रिप्ट डॉक्युमेंटच्या टेक्स्टफ्रेम्सवर लूप चालवतात आणि प्रत्येकीची ओव्हरफ्लोज ही प्रॉपर्टी बघतात. यात पहिलं भोक असं, की ग्रुपमध्ये बांधलेल्या फ्रेमा त्या यादीत येतच नाहीत. मजकुरात अँकर केलेल्या फ्रेमाही येत नाहीत. म्हणजे चौकटीसकट ग्रुप केलेली जाहिरात, लेखकाच्या फोटोबरोबर ग्रुप केलेला परिचय, हे सगळं तपासणीतून सुटतं. दिवाळी अंकात नेमक्या अशाच गोष्टी शेवटच्या क्षणी बदलतात.

म्हणून लूप डॉक्युमेंटच्या स्टोरीजवर चालवा. स्टोरी म्हणजे एका साखळीतला सगळा मजकूर, फ्रेम एक असो वा बारा. स्टोरीची ओव्हरफ्लोज खरी निघाली की तिच्या टेक्स्टकंटेनर्समधला शेवटचा घ्या आणि त्याचं पेरेंटपेज विचारा. पान मिळालं तर अहवालात पान क्रमांक लिहा. पान 'नल' आलं तर ती फ्रेम पानाबाहेरच्या मोकळ्या जागेत पडलेली आहे. जुना मसुदा, कापून ठेवलेला परिच्छेद असं काहीतरी असतं. ते वेगळ्या यादीत टाका. पुसून टाकण्याच्या मोहात पडू नका, संपादक तेच परत मागतात. बंद ठेवलेल्या लेयरवरच्या स्टोरीचीही तशीच वेगळी यादी करा. एवढ्या एका वर्गवारीने खोट्या हाका बऱ्याच कमी होतात.

एक काळजी घ्या. शेवटचा कंटेनर नेहमी फ्रेमच असेल असं नाही. मजकूर एखाद्या वळणदार रेषेवर बसवला असेल तर तिथे टेक्स्टपाथ मिळतो. फ्रेमच गृहीत धरून लिहिलेली स्क्रिप्ट तिथे अडखळते, आणि भोवती चूक गिळून टाकणारा ट्राय-कॅच लावलेला असेल तर पुढचं सगळं न तपासता 'ठीक आहे' म्हणून मोकळी होते. रिकामा कॅच ठेवायचाच नाही. काय अडलं ते निदान अहवालात लिहून तरी पुढे जा.

टेबल : सगळ्यात जास्त मजकूर इथे हरवतो

वार्षिक राशिभविष्याचं पान घ्या. बारा ओळींचं टेबल, डावीकडे राशी, उजवीकडे भविष्य. पान देखणं दिसावं म्हणून ओळीची उंची 'एक्झॅक्टली' करून ठेवलेली. मेष, वृषभ नीट बसले. वृश्चिकेचा मजकूर दोन ओळी जास्त होता. सेलमध्ये एक लाल ठिपका आला आणि त्या दोन ओळी गेल्या. टेबल मात्र फ्रेममध्ये पूर्ण बसलेलं आहे, त्यामुळे स्टोरीची ओव्हरफ्लोज 'नाही' असंच सांगणार. तिच्या दृष्टीने टेबल ही एक वस्तू आहे, ती वस्तू बसली, काम संपलं.

उपाय अवघड नाही, फक्त लक्षात ठेवून करायचा. प्रत्येक स्टोरीतली टेबलं घ्या, प्रत्येक टेबलातले सेल घ्या, प्रत्येक सेलची स्वतःची ओव्हरफ्लोज बघा. सेलच्या आत आणखी टेबल असेल तर त्यासाठी हेच काम पुन्हा, म्हणून हा भाग स्वतःला परत हाक मारणारं फंक्शन म्हणून लिहिलेला बरा. अहवालात नुसतं 'टेबलात ओव्हरसेट' लिहून उपयोग नाही. सेलच्या नावातून स्तंभ आणि ओळ मिळते ती लिहा, आणि त्याच ओळीच्या पहिल्या सेलमधला मजकूरही लिहा. 'पान ८७, वृश्चिक' एवढं वाचलं की ऑपरेटर थेट तिथे जातो.

ओळीची उंची 'ॲट लीस्ट' ठेवली तर सेल वाढतो आणि मजकूर दिसतो. पण मग टेबल लांबतं आणि खालच्या राशी फ्रेमबाहेर जातात. ते मात्र स्टोरीच्या तपासणीत पकडलं जातं. मला विचाराल तर काम चालू असताना 'ॲट लीस्ट' आणि अगदी शेवटी, सगळं तपासून झाल्यावर, हवं तर 'एक्झॅक्टली' असाच क्रम ठेवावा. आणि त्यानंतर तपासणी पुन्हा एकदा.

खोट्या हाका : मजकूर संपला, एंटर उरले

वर्डमधून आलेल्या लेखाच्या शेवटी पाच-सहा रिकामे एंटर असतातच. लेखकाचं नाव फ्रेमच्या शेवटच्या ओळीत नेमकं बसतं, एंटर बाहेर जातात, लाल प्लस येतो. स्क्रिप्टच्या दृष्टीने हा ओव्हरसेटच आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबरही आहे.

इथे स्क्रिप्टने पुढची पायरी चढायला हवी. शेवटच्या कंटेनरमधलं शेवटचं अक्षर स्टोरीत कितव्या क्रमांकावर आहे ते काढा, तिथून स्टोरीच्या टोकापर्यंतचा तुकडा घ्या आणि त्यात दिसणारं काही आहे का ते बघा. नुसत्या मोकळ्या जागा आणि एंटर असतील तर ती नोंद 'किरकोळ' या खान्यात टाका. मराठीत इथे एक बारीक मेख आहे. अर्धा र लिहिताना किंवा जोडाक्षर फोडून दाखवताना शून्य रुंदीचे जोडक आणि विभाजक टाइप होतात, आणि वेबवरून चिकटवलेल्या मजकुरात ते भलत्या जागी राहून जातात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रातल्या) मोकळ्या जागेच्या वर्गात ते बसत नाहीत. तुकडा छाटताना ही दोन चिन्हं त्यांच्या युनिकोड क्रमांकाने, २००सी आणि २००डी, वेगळी नमूद करून काढावी लागतात. तसं न केल्यास 'इथे मजकूर बाहेर आहे' असा निरोप येतो आणि बघायला गेलं तर तिथे काहीच नसतं.

दुसरी मेख रिकाम्या कंटेनरची. साखळीतल्या शेवटच्या फ्रेममध्ये एकही ओळ बसली नसेल तर 'शेवटचं अक्षर' मागताच स्क्रिप्ट कोसळते. आधी त्या कंटेनरमध्ये अक्षरं आहेत का ते विचारा. नसतील तर मागच्या कंटेनरकडे जा. मराठी फॉन्टच्या बाबतीत हे नेहमी घडतं. रफार, मात्रा, अनुस्वार यांच्यासाठी फॉन्टची वरची उंची जास्त ठेवलेली असते. इंग्रजी मथळ्याच्या मापाने बनवलेल्या बुटक्या फ्रेममध्ये पहिलीच ओळ बसत नाही आणि फ्रेम कोरी दिसते. टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्समध्ये पहिल्या बेसलाइनचं अंतर 'असेंट' असेल तर ते 'लीडिंग' किंवा 'फिक्स्ड' करून बघा. बऱ्याचदा एवढ्यानेच ओळ जागेवर येते.

जागा भरपूर दिसतेय, तरी प्लस

मजकूर संपला नसताना फ्रेम अर्धी रिकामी दिसत असेल तर आकार कमी करून काही होणार नाही. कारण बहुधा यांपैकी एखादं असतं. पॅराग्राफ स्टाइलमध्ये 'पुढच्या पानावर सुरू करा' किंवा 'पुढच्या फ्रेममध्ये सुरू करा' लावलेलं आहे आणि पुढे फ्रेमच नाही. मजकुरात फ्रेम ब्रेक किंवा कॉलम ब्रेकचं चिन्ह राहिलं आहे. लपलेली चिन्हं दाखवा, लगेच दिसेल. एखाद्या ग्रेप स्टाइलने (नमुना जुळला की आपोआप लागणाऱ्या स्टाइलने) लांबलचक मजकुराला 'नो ब्रेक' लावलं आहे, तो एका ओळीत मावत नाही आणि त्याच्यापुढचं सगळं बाहेर. किंवा बंद लेयरवरच्या चित्राचा टेक्स्ट रॅप अजून मजकुराला ढकलतो आहे. इनडिझाइनमध्ये लेयर लपवला म्हणून रॅप जात नाही, त्यासाठी लेयर ऑप्शन्समध्ये वेगळी खूण करावी लागते.

ही यादी इथे देण्याचं कारण पुढे येणारा आकार-घट लूप, म्हणजे मजकूर बसेपर्यंत अक्षरं लहान करत जाणारी स्क्रिप्ट. फ्रेम ब्रेक असेल तर अक्षरं मुंगीएवढी केली तरी ओव्हरसेट जाणार नाही.

आकडा मोजताना मराठी अक्षर मोजू नका

'किती अक्षरं बाहेर आहेत' हा आकडा अहवालात छान दिसतो, पण तो वाचणाऱ्याला फसवतो. सॉफ्टवेअर युनिकोडचे एकक मोजतं. 'ज्योत्स्ना' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. आत दहा एकक आहेत, कारण प्रत्येक हलन्त, काना आणि मात्रा वेगळी धरली जाते. 'बाहेर १०' वाचून ऑपरेटर ओळभर मजकूर शोधत बसतो आणि बाहेर असतं फक्त कवयित्रीचं नाव. त्यापेक्षा मोकळ्या जागेवर तोडून शब्द मोजा. शब्द ओळखण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशनचा 'वर्ड कॅरेक्टर' वर्ग वापरू नका, इनडिझाइनच्या एक्स्टेंडस्क्रिप्टमध्ये तो नागरी ओळखत नाही आणि उत्तर शून्य येतं.

बाहेर गेलेल्या तुकड्याचे सुरुवातीचे शब्दही अहवालात द्या. 'शेवटची वीस अक्षरं' असं एककांनी कापलंत तर तुकडा वेलांटीने किंवा हलन्ताने सुरू होतो, ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली मात्रा दिसते आणि संपादक फॉन्ट बिघडला म्हणून फोन करतात. अहवाल फाइलमध्ये लिहिणार असाल तर फाइल उघडण्याआधी तिचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. ते विसरलं की सगळी नागरी प्रश्नचिन्हांत जाते.

स्क्रायबसमध्ये काय वेगळं

स्क्रायबसची पायथन स्क्रिप्ट टेक्स्टओव्हरफ्लोज ही आज्ञा देते. फ्रेमचं नाव द्यायचं, दुसरा मापदंड साखळी धरायची की एकटी फ्रेम यासाठी. मदतपुस्तिकेप्रमाणे बाहेर गेलेल्या अक्षरांची संख्या मिळायला हवी. त्या संख्येवर हिशोब बांधू नका. अनेक आवृत्त्यांत उत्तर शून्य किंवा एक एवढंच येतं. तेव्हा 'शून्यापेक्षा जास्त का' इतकंच तपासा. पोस्ट लिहायचं एक कारण हेच, कारण 'पंचवीसपेक्षा कमी अक्षरं बाहेर असतील तर सोडून दे' अशी अट घातलेल्या स्क्रिप्ट हातोहात फिरतात. तिथे उत्तर कायम एक येतं आणि सगळाच ओव्हरसेट माफ होतो.

टेक्स्ट फ्रेम नसलेल्या वस्तूला ही आज्ञा दिली तर चूक येते, म्हणून आधी प्रकार तपासावा. गेटपेजआयटम्स ही आज्ञा नाव, प्रकार आणि क्रम अशा तिकड्या देते. टेक्स्ट फ्रेमचा प्रकार ४. ही यादी फक्त चालू पानाची असते. पेजकाउंटपर्यंत लूप आणि प्रत्येक फेरीत गोटूपेज केल्याशिवाय पहिल्या उघड्या पानापलीकडे काही तपासलं जात नाही. ग्रुपमधल्या फ्रेमांचं दुखणं इथेही आहे. तपासणीपुरती फाइलची प्रत करून त्यात ग्रुप सोडवणं हा साधा मार्ग मला पसंत आहे. मूळ फाइलला हात लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे शिळं उत्तर. स्क्रिप्टने फ्रेममध्ये मजकूर भरला, आकार बदलला आणि लगेच टेक्स्टओव्हरफ्लोज विचारलं, तर मांडणी अजून नव्याने झालेली नसू शकते. १.५ मालिकेपासून लेआउटटेक्स्ट ही आज्ञा आहे, साखळीसाठी लेआउटटेक्स्टचेन. भरणं, मग मांडणी, मग प्रश्न, याच क्रमाने जा. इनडिझाइनमध्ये हेच काम रिकंपोझ करतं. स्टोरीवरही चालतं आणि पूर्ण डॉक्युमेंटवरही. 'एकदा चालवली तर काही नाही, दुसऱ्यांदा चालवली तर सापडतं' असं लक्षण असेल तर दुसरं काही शोधण्याआधी ही ओळ घाला.

आणि आवृत्ती बघा. नागरीची जोडाक्षरं स्क्रायबसमध्ये नीट बसू लागली ती १.५.३ पासून, २०१७ मध्ये, अक्षरं जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी आल्यावर. स्थिर आवृत्तीत ती सोय १.६.० बरोबर जानेवारी २०२४ मध्ये आली. कार्यालयातल्या एखाद्या जुन्या संगणकावर १.४ पडून असेल तर तिथे 'क्त' ऐवजी क, हलन्त आणि त सुटे पडतात, ओळी लांबतात आणि ओव्हरसेटचा निकाल पूर्ण वेगळा येतो.

कंपोझर आणि फॉन्ट : तपासणी कुठल्या संगणकावर केली?

इनडिझाइनमध्ये मराठी, हिंदीसह दहा भारतीय भाषांची सोय सीएस६ बरोबर २०१२ मध्ये आली, पण पॅराग्राफला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (ओळी आणि अक्षरं जुळवणारा भाग) लावलेला असला तरच. साध्या कंपोझरवर पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडते, जोडाक्षरं सुटतात. हे पान डोळ्यांना लगेच खटकतं, पण चाळीस फाइलींत एखाद्या चौकटीची किंवा फोटोओळीची स्टाइल तशीच राहिलेली असते. कंपोझर बदलला की अक्षरांची रुंदी बदलते, म्हणजे ओळी बदलतात, म्हणजे आधीचा अहवाल रद्द. तपासणीच्या स्क्रिप्टला सुरुवातीलाच सगळ्या पॅराग्राफ स्टाइलांचा कंपोझर तपासायला लावा. एकही चुकीचा असेल तर तिने ओव्हरसेट मोजूच नये, आधी ते दुरुस्त करा म्हणावं.

फॉन्टचं तसंच. डॉक्युमेंटच्या फॉन्ट्समधून प्रत्येकाची स्थिती विचारता येते. 'इन्स्टॉल्ड' नसलेला एकही फॉन्ट असेल तर मोजणी थांबवा, कारण बदली फॉन्टच्या रुंदीवर आलेलं 'ओव्हरसेट ०' हे उत्तर दुसऱ्याच पानाबद्दल आहे. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या हा त्याहून लबाड प्रकार. नाव जुळतं, स्थिती ठीक दिसते, पण जोडाक्षरांची रचना आणि रुंदी वेगळी. छापखान्याला खुली फाइल देत असाल तर फॉन्टसकट पॅकेज करून द्या. शक्य असेल तर पीडीएफ आपल्याच संगणकावर, तपासणी झाली त्याच ठिकाणी काढा.

काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी केली की तीच वळणं येतात. मुद्रितशोधक हे मागतात आणि ते बरोबरच आहे. पण त्या अक्षरांची रुंदी हिंदी वळणासारखीच असेल याची खात्री नसते. भाषा बदलणं हे किरकोळ काम समजून शेवटच्या तासाला केलं तर तपासणी परत करा. जुन्या श्री-लिपी वगैरे फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलल्यावर तर आधीच्या कुठल्याही अहवालाला किंमत राहत नाही, हे सांगायला नको.

आपोआप लहान करणारा लूप

'बाहेर जातंय तोवर अर्धा पॉइंट कमी कर' ही पाच ओळींची स्क्रिप्ट सगळ्यांना हवी असते. प्रमाणपत्रावरच्या नावांसाठी, ओळखपत्रांसाठी मी ती वापरतो. लेखांसाठी वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका लेखाचा मजकूर ११ पॉइंटमध्ये आणि शेजारचा साडेनऊमध्ये, असा अंक वाचकाला कळतो, कारण सांगता आलं नाही तरी.

वापरायचीच असेल तर खालची मर्यादा ठरवा आणि ती आली की थांबून अहवालात लिहा. मर्यादा नसलेला लूप फ्रेम ब्रेकवर किंवा 'नो ब्रेक'वर अडकला की संगणक गोठल्यासारखा दिसतो. प्रत्येक फेरीत आकार बदलल्यावर मांडणी करून घ्या, मगच विचारा. आकाराबरोबर लीडिंगही, म्हणजे ओळींमधलं अंतरही, बदला. लीडिंग ठरावीक आकड्यावर बांधलेलं असेल तर अक्षरं बारीक होतात आणि ओळींची उंची तेवढीच राहते. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, कमी करून जागा काढण्याचा इंग्रजीतला मार्ग नागरीत वापरू नका, शेजारची अक्षरं एकमेकांवर चढतात. वाढवलं तर शिरोरेषेत फटी पडतात.

यादीतून नावं भरण्याच्या कामात इनडिझाइनची डेटा मर्ज स्वतःच ओव्हरसेटचा अहवाल देऊ शकते. एकत्रित डॉक्युमेंट तयार करतानाच्या चौकटीत तो पर्याय असतो, तेवढी खूण करा. सीएस६ पासून फ्रेम मजकुराप्रमाणे आपोआप वाढवण्याची सोयही आहे. ती लावली की ओव्हरसेट दिसेनासा होतो, पण लांब नाव सही किंवा बोधचिन्हावर चढतं. ओव्हरफ्लोज त्याबद्दल काहीच सांगत नाही. अशा फ्रेमांच्या कडा, म्हणजे जिओमेट्रिक बाउंड्स, ठरवलेल्या मर्यादेत आहेत का हे वेगळं तपासावं लागतं.

तरीही शंका असेल तर

ओव्हरसेट नसूनही मजकूर हरवू शकतो. वर्डमधून आणताना शेवटचा भाग आलाच नाही, किंवा पांढऱ्या चौकटीखाली दोन ओळी झाकल्या गेल्या. यासाठी स्क्रिप्टला आणखी एक काम देऊन ठेवावं. प्रत्येक मोठ्या स्टोरीचे, दिसणारे शेवटचे पाच शब्द आणि पान क्रमांक यांची यादी छापून घ्या. ती मूळ लेखांच्या शेवटांशी आणि पीडीएफच्या पानाशी डोळ्यांनीच ताडून बघा. पीडीएफमधून नागरी मजकूर परत काढून संगणकाकडूनच जुळवून घ्यायचा प्रयत्न करू नका. मात्रा आणि जोडाक्षरांचा क्रम त्यात बदलून येतो आणि नवीन खोट्या हाकांचं दुकान उघडतं.

स्क्रायबसवर हे सगळं रात्री आपोआप चालवायचं असेल तर टर्मिनलमधून खिडकी न उघडता पायथन स्क्रिप्ट चालवता येते. जी आणि पीवाय हे पर्याय त्यासाठी आहेत. अशा वेळी संवादचौकट उघडणारी एकही ओळ स्क्रिप्टमध्ये ठेवू नका. ती कुणाला दिसत नाही, आणि सकाळी आल्यावर पहिल्याच फाइलवर काम अडकलेलं सापडतं.